एआयने लिहिलेलं चित्रवर्णन अंध विद्यार्थ्याला तसंच द्यावं का?

सिन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "आठवीच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आहे आणि एक अल्पदृष्टी मुलगी आहे. धड्यातल्या आकृत्यांचे फोटो मी एआयला देते. तो मराठीत छान वर्णन लिहून देतो, ते मी नोट्समध्ये चिकटवते. पण मुलगा म्हणतो, 'मॅडम, ऐकलं सगळं, पण कळलं नाही.' दुसरं कोणतं ॲप वापरू?"

मॅडम, त्या मुलाने तुम्हाला नेमकी अडचण सांगितली आहे, आणि ती ॲप बदलून सुटणारी नाही. मी नाशिकमध्ये दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी अभ्याससाहित्य तयार करण्याचं काम करते. पूर्वी आकृत्यांची वर्णनं आम्ही पहिल्या शब्दापासून स्वतः लिहायचो. आता पहिला खर्डा बहुतेक वेळा एआयकडून घेतो. त्यामुळे वेळ खरोखर वाचतो. पण खर्डा आणि मुलाच्या हातात जाणारं वर्णन यांच्यामध्ये शिक्षकाचं काम असतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच राहून जातंय असं दिसतं.

एआयला चित्र दिसतं, धडा दिसत नाही. काल तुम्ही काय शिकवलं, उद्या काय विचारणार आहात, मुलाला आधीच काय माहीत आहे, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो दिसेल ते सगळं सांगत सुटतो: पार्श्वभूमी पांढरी आहे, आकृती रंगीत आहे, बाणांनी नावं दाखवली आहेत. डोळस मुलगा आकृतीकडे पाहतो तेव्हा एका क्षणात नको ते बाजूला सारतो आणि हवं तेवढं उचलतो. ऐकणाऱ्या मुलाला ती सोय नाही. त्याच्या कानावर सगळं एकाच ओळीत, एकाच वजनाने पडतं. वेबवरच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांतला अगदी पहिला निकष, १.१.१, हेच सांगतो की चित्राऐवजी दिलेल्या मजकुराने चित्राचंच काम केलं पाहिजे. तेव्हा ही आकृती धड्यात कोणत्या कामासाठी छापली आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी आधी स्वतःला विचारायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. मुलगा जन्मापासून अंध आहे की पाच-सहा वर्षांचा असताना दृष्टी गेली? ज्याने कधीतरी पाहिलं आहे त्याला 'उभा छेद' म्हटलं की काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ज्याने कधीच पाहिलं नाही त्याला आधी पेरू उभा कापून हातात द्यावा लागतो. त्याला ब्रेल येतं का? घरी संगणकावर एनव्हीडीए वापरतो की आईच्या फोनवर टॉकबॅक? (हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्रॅम.) तुम्ही एकट्याच आहात की फिरते विशेष शिक्षक आठवड्याला येतात? या उत्तरांप्रमाणे तपशील बदलतील. पुढे जे लिहिते ते मात्र यातल्या बहुतेक परिस्थितींत लागू पडतं.

हृदयाची आकृती घेऊ, कारण ती आठवीत येतेच आणि एआयचे जवळपास सगळे दोष तिच्यात एका ठिकाणी सापडतात.

पहिला दोष डाव्या-उजव्याचा. हृदयाची आकृती समोर उभ्या माणसाची असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. एआय कधी कागदाची डावी बाजू सांगतो, कधी शरीराची, आणि एकाच परिच्छेदात दोन्हीची सरमिसळ करतो. डोळस मुलाला आकृती समोर असल्यामुळे ही सरमिसळ निस्तरता येते. अंध मुलाकडे ते वर्णन सोडून दुसरा आधार नसतो, त्यामुळे त्याच्या मनात हृदय उलटंच बसतं.

दुसरा दोष जास्त धोक्याचा आहे. एआय अनेकदा चित्रातलं न वाचता स्वतःच्या आठवणीतलं लिहितो. 'धमनी' शब्द दिसला की 'ऑक्सिजनयुक्त रक्त' हे शब्द त्याच्या तोंडी आपोआप येतात. फुप्फुस धमनीत नेमकं उलटं असतं: तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हृदयाकडून फुप्फुसांकडे जातं, आणि म्हणूनच पुस्तकात ती निळी रंगवलेली असते. ती निळी आहे हे एआयला दिसत असूनही त्याने तिला तांबडी म्हटल्याचं मी पाहिलं आहे, आणि वाक्य इतकं सफाईदार होतं की भरभर वाचणाऱ्याला शंका येऊ नये. भाषा शुद्ध म्हणून मजकूर बरोबर, ही आपल्या मनाची सवय इथे घात करते.

तिसरा दोष नावांच्या रेघांचा. आकृतीत नाव एका टोकाला आणि भाग दुसऱ्या टोकाला असतो, मध्ये बारीक रेघ. दोन रेघा जवळून गेल्या की नावांची अदलाबदल होते. नाव छापलेलं असतं आणि भागही खराच असतो, फक्त जोडी चुकते. म्हणून ही चूक पकडायला सर्वांत अवघड.

यावर उपाय म्हणजे एका दमात 'या आकृतीचं वर्णन कर' असं न सांगता काम तोडून देणं. मी आधी फक्त नावं मागते: "या आकृतीत जी नावं छापली आहेत तेवढीच, जशीच्या तशी लिही. जे नीट दिसत नाही तिथे 'वाचता येत नाही' असं लिही. अर्थ सांगू नकोस." ही यादी पुस्तकाशी ताडून पाहायला मिनिटही लागत नाही. मग विचारते: "प्रत्येक नावाची रेघ कुठे पोचते ते सांग. खात्री नसेल तिथे तसं सांग." हेही बोट ठेवून तपासते. त्यानंतर धड्यातला संबंधित परिच्छेद युनिकोडमध्ये (म्हणजे कोणत्याही संगणकाला किंवा फोनला वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत) टाइप करून देते आणि शेवटी खरी मागणी करते: "हे वर्णन आठवीतल्या अंध विद्यार्थ्यासाठी आहे. तो स्क्रीन रीडरवर ऐकणार आहे. हृदयाचे चार कप्पे आणि रक्त कोणत्या क्रमाने फिरतं हे त्याला कळायला हवं. बाजू सांगताना शरीराची बाजू सांग, कागदाची नको. आधी एका वाक्यात एकूण रचना, मग रक्ताचा प्रवास, मग इतर भाग. वाक्यं छोटी ठेव. वरच्या परिच्छेदातल्याच संज्ञा वापर."

धड्यातला परिच्छेद देण्याचं कारण अनुभवातून कळलं. तो दिला नाही तर मराठी वर्णनात हिंदीतल्या संज्ञा शिरतात. जलचक्रात 'बाष्पीभवन' ऐवजी 'वाष्पीकरण' येतं. परीक्षेत प्रश्न पुस्तकातल्या शब्दांत येणार आहे, म्हणून वर्णनही त्याच शब्दांत हवं.

एवढं झाल्यावर हाती जे येतं त्यावर हात फिरवून मी जे ठेवीन ते साधारण असं: "मानवी हृदय, आतून दिसणारी रचना. हृदयात चार कप्पे आहेत, दोन वर आणि दोन खाली. मधल्या उभ्या पडद्याने उजवी आणि डावी बाजू वेगळी केली आहे. आकृती समोरच्या माणसाची आहे, म्हणून हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे छापली आहे. शरीराकडून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त महाशिरांतून उजव्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून झडपेतून उजव्या खालच्या कप्प्यात उतरतं. उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुस धमनीवाटे ते फुप्फुसांकडे जातं. फुप्फुसांत ऑक्सिजन मिळालेलं रक्त फुप्फुस शिरांमधून डाव्या वरच्या कप्प्यात येतं, झडपेतून डाव्या खालच्या कप्प्यात उतरतं आणि महाधमनीतून सगळ्या शरीरात जातं. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सर्वांत जाड दाखवली आहे. उजवी बाजू निळी आणि डावी बाजू लाल रंगवली आहे. निळा म्हणजे ऑक्सिजन कमी, लाल म्हणजे ऑक्सिजन भरपूर." कप्प्यांची नावं तुमच्या पुस्तकात जी आहेत ती घाला.

रंगांबद्दल काही शिक्षक मला म्हणतात, अंध मुलाला लाल-निळ्याचं काय? मला हे पटत नाही. तुम्ही वर्गात "निळ्या बाजूकडे बघा" म्हणता, शेजारचा मुलगाही तसंच बोलतो. ज्याला रंगांचा अर्थ ठाऊक नाही तो त्या बोलण्यातून बाहेर राहतो. रंगाला अर्थ असेल तर तो सांगायचाच. नुसता सजावटीचा असेल तर सोडून द्यायचा. याच कारणाने वर्णनाच्या सुरुवातीला आकृतीचा क्रमांक आणि पान क्रमांक घाला, म्हणजे वर्ग कुठे पोचला आहे हे त्याला कळतं.

आता भूगोल. नकाशा हा आकृतीपेक्षा अवघड प्रकार आहे, कारण त्याला सुरुवात आणि शेवट नसतो. एआयला नाशिक जिल्ह्याच्या पर्जन्याचा नकाशा दिला तर तो बहुधा पंधराही तालुक्यांची नावं एकामागून एक सांगेल आणि प्रत्येकाचा रंग सांगेल. कुणाच्याही डोक्यात ते राहणार नाही. धड्याला काय हवं आहे? पश्चिमेकडे सह्याद्री आहे, ढग तिथे अडतात, आणि पूर्वेकडे जावं तसा पाऊस कमी होतो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला-मालेगावच्या बाजूला जेमतेम ५०० च्या आसपास, हा फरक मुलाच्या लक्षात राहायला हवा. मग वर्णन पट्ट्यांनी करा: पश्चिम कडेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, मध्ये कळवण, दिंडोरी, नाशिक, आणि पूर्वेला चांदवड, येवला, नांदगाव, मालेगाव. बाकीचे तालुके मुलाने विचारले की सांगा.

नकाशात मुलाला उभं राहायला एक जागा हवी, आणि ती तुम्हीच देऊ शकता. तो सिन्नरचा आहे, तर सिन्नरपासून सुरुवात करा. नाशिक वायव्येला, इगतपुरी पश्चिमेला, येवला पूर्वेला. पावसाळ्यात सिन्नरहून घोटीच्या रस्त्याने जाताना पाऊस वाढत जातो हे त्याने एसटीच्या खिडकीशी बसून अंगावर घेतलेलं असेल. 'नकाशावरचा रंग गडद होत जातो' याचा अर्थ तोच, असं त्याला सांगितलं की नकाशा त्याचा होतो. हे वाक्य कोणताही एआय स्वतःहून लिहिणार नाही, कारण तुमचा विद्यार्थी कुठे राहतो हे त्याला माहीत नाही. तुम्ही सांगितलंत तर मात्र तो त्याप्रमाणे मांडणी बरी करतो.

नद्यांच्या नकाशात आणखी एक काळजी घ्या. बारीक बाणांची दिशा वाचण्यात एआय चुकतो. आपल्या जिल्ह्यात तर पाणी वेगवेगळ्या दिशांना जातं: त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे, दारणा आणि कादवा तिला मिळणाऱ्या, उत्तरेकडची गिरणा पुढे तापीला मिळणारी, आणि दमणगंगेसारखी नदी पश्चिमेला अरबी समुद्राकडे. एका वाक्यात दिशा चुकली तर मूळ संकल्पनाच उलटी होते. दिशा सांगणारं प्रत्येक वाक्य नकाशावर बोट ठेवून वाचा. आणि बाणाची खूण (→) वर्णनात वापरू नका, काही स्क्रीन रीडर ती न वाचताच पुढे जातात. "अमुक ठिकाणाकडून अमुक ठिकाणाकडे" असं शब्दांत लिहा.

आलेख असेल तर वर्णनाच्या आधी मूळ आकडे शोधा. एआय स्तंभाच्या उंचीवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज खात्रीच्या सुरात सांगतो. आकड्यांचा साधा तक्ता आणि 'सर्वांत जास्त कुठे, सर्वांत कमी कुठे, कल कसा' हे सांगणारी दोन वाक्यं, एवढं पुरतं. विद्युत परिपथात जोडणी एकसर आहे की समांतर हे स्वतः ठरवा, एआयच्या शब्दावर विसंबू नका. भूमितीत तो आणखी एक घोटाळा करतो: कोन काटकोनासारखा दिसला की काटकोन म्हणून मोकळा होतो. आकृतीत खूण नसेल तर ते वर्णनात येता कामा नये, नाहीतर मुलगा न दिलेली माहिती वापरून सिद्धता लिहील आणि गुण जातील.

इतिहासाच्या फोटोंना वेगळी अडचण आहे. आपल्या पांडवलेण्यांचा फोटो दिला तर एआय त्याला अजिंठा किंवा कार्ले म्हणू शकतो, कारण लेण्यांचे दर्शनी भाग त्याला सारखेच वाटतात. फोटो कशाचा आहे हे आधी तुम्ही सांगा: नाशिकचं लेणं क्रमांक ३, जिथे गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख आहे. मग विचारा की दर्शनी भागात काय दिसतं. ओळख तुमची, निरीक्षण त्याचं, अशी वाटणी ठेवली की चुका खूप कमी होतात.

स्वाध्यायातल्या चित्रांबाबत थांबून विचार करा. 'आकृतीतील अ हा भाग ओळखा' असा प्रश्न असेल आणि तुम्ही चित्र एआयला दिलं, तर तो आनंदाने उत्तर लिहून देईल आणि ते वर्णनातच बसेल. डब्ल्यूसीएजीनेही परीक्षेच्या चित्रांची गोष्ट वेगळी धरली आहे: मजकुरामुळे परीक्षाच निरर्थक होणार असेल, तर चित्र कशाचं आहे एवढी ओळख दिली तरी चालते. पण मुलाला नुसती ओळख देऊन सोडलं तर तो प्रश्न त्याच्यासाठी उरतच नाही. म्हणून मी अशा ठिकाणी भागाचं स्थान आणि आकार सांगते, नाव आणि कार्य सांगत नाही. "अ: हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून वर निघून कमानीसारखी वळणारी जाड नळी." यावरून महाधमनी ओळखायला अभ्यास लागतो. प्रश्नाची काठिण्यपातळी राहते आणि मुलाला न्याय मिळतो.

एक गोष्ट मी ठामपणे सांगते: काही आकृत्या शब्दांत बसत नाहीत. वर्णन लांबत चाललं, तिसऱ्यांदा वाचूनही चित्र उभं राहत नसलं, तर ती हाताला लागायला हवी. उठावाची आकृती करायला महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. जाड कार्डशीटवर फेविकॉलची रेघ ओढून वाळू द्या. नदीला लोकर चिकटवा, डोंगराला काच कागद, तालुक्याच्या ठिकाणाला डाळीचा दाणा. दोन तळहातांत मावेल एवढी ठेवा आणि एका आकृतीत चार-पाचपेक्षा जास्त गोष्टी घालू नका. बोटांना डोळ्यांइतकं बारीक जाणवत नाही, रेघा एकमेकींपासून लांब हव्यात. पावसाच्या नकाशाला तर हे फारच शोभतं: पश्चिमेला खरखरीत कागद, मध्ये कमी खरखरीत, पूर्वेला गुळगुळीत. इथे एआयचा खरा उपयोग काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला होतो. "ही आकृती बोटांनी वाचायची आहे, पाचच घटक ठेवायचे आहेत, कोणते ठेवू आणि का?" असं विचारा, उत्तर बऱ्याचदा विचार करण्याजोगं असतं. उठावाची आकृती दिली तरी शब्दांतलं छोटं वर्णन सोबत लागतंच. कुठून हात फिरवायला सुरुवात करायची आणि कोणत्या पोताचा अर्थ काय, हे त्याशिवाय कळत नाही.

तुमच्या अल्पदृष्टी मुलीची गरज वेगळी आहे, तिला अंध मुलाची फाइल देऊ नका. तिला दिसतं, पण बारीक रेघा, फिकट रंग आणि गर्दी त्रास देते. इथे अनेक जण एआयकडून आकृती नव्याने काढून घेतात, आणि विज्ञानाच्या आकृत्यांसाठी मी ते करत नाही. चित्र काढणारा एआय सुंदर हृदय काढतो, पण त्यात एखादी नळी जास्त असते, एखादी भलत्याच कप्प्याला जोडलेली असते आणि देवनागरी नावांत जोडाक्षरं मोडलेली असतात. मुलगी बारकावे तपासू शकत नाही, म्हणून तिला तर असं चित्र मुळीच देऊ नये. पुस्तकातलीच आकृती मोठी करा, एका पानावर एकच ठेवा, पार्श्वभूमीचा रंग काढा, रेघा जाड काळ्या करा, नावं मोठ्या अक्षरांत बाहेर लिहा. साधी भौमितिक आकृती किंवा परिपथ हवा असेल तर एआयकडून एसव्हीजी स्वरूपात (रेघा आणि आकार कोडमध्ये सांगणारं चित्राचं स्वरूप) कोड लिहून घेता येतो. तो कोड ब्राउझरमध्ये उघडून तपासता येतो, रेघेची जाडी आणि अक्षरांचा आकार हवा तसा बदलता येतो. लाल आणि हिरव्या रंगानेच फरक दाखवलेला असेल तर एकाला रेघा आणि दुसऱ्याला ठिपके घाला. त्याचा फायदा वर्गातल्या रंगांध मुलांनाही होतो, आणि ती असतात पण सांगत नाहीत.

फाइलबद्दल थोडं. युनिकोडपूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स डोळ्यांना मराठी दिसतात, स्क्रीन रीडरला मात्र रोमन अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. सगळं युनिकोडमध्ये करा. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, ती वाचली जात नाही. वर्डमध्ये चित्रावर उजवं क्लिक करून ऑल्ट टेक्स्टच्या, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुराच्या, चौकटीत एक-दोन वाक्यांची ओळख घाला आणि सविस्तर वर्णन चित्राखाली साध्या परिच्छेदात ठेवा, कारण परिच्छेदात ओळीओळीने मागे-पुढे जाता येतं. शिवाय ते डोळस मुलांनाही वाचता येतं, आणि आकृती काढताना त्यांचाही गोंधळ कमी होतो. समासातली फुलं, हसणारी मुलं अशा सजावटीच्या चित्रांना वर्ड 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करू देतो, ती करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत असाल तर वर्णन फोटोखालच्या मजकुरात लिहा.

मुलाला स्वतः एआयला प्रश्न विचारू द्यावेत का? माझ्या मते जरूर. 'बी माय आईज' या अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठीच्या ॲपमध्ये २०२३ पासून एआय चित्रवर्णन करतो, आणि काही अँड्रॉइड फोनवर टॉकबॅकमध्येच आता ही सोय आहे. आपण लिहिलेलं वर्णन कितीही चांगलं असलं तरी ते एकदाच बोलतं. मुलाला मात्र मध्येच विचारावंसं वाटतं की झडप कुठल्या बाजूला उघडते. ते विचारायची मोकळीक त्याला मिळायलाच हवी. पण हृदयाच्या आकृतीत एआय कसा चुकतो हे त्याला आधी दाखवा, म्हणजे ऐकलेलं पुस्तकाशी किंवा मित्राशी ताडून पाहायची सवय लागेल.

हक्कांचा मुद्दा तुमच्या मुख्याध्यापकांसाठी लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या आहेत, त्यामुळे या कामासाठी तासिका मागताना संकोच करू नका. पुस्तकातली आकृती सुलभ रूपात बदलायला कॉपीराइट आडवा येईल अशी भीती काही शाळांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी, नफा न कमावता, असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यात मुभा दिली आहे. मात्र मुलाचा फोटो, नाव, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एआयला देऊ नका. 'आठवीतला अंध विद्यार्थी' एवढं सांगणं पुरेसं आहे.

वेळेचं गणित मला कळतं. सगळ्या विषयांच्या सगळ्या आकृत्या एकटीने होणार नाहीत. मुलालाच विचारा की कोणत्या धड्यात तो अडतो, आणि तिथून सुरुवात करा. वर्गातल्या दोन-तीन मुलांना आकृतीचं वर्णन लिहायला द्या. ज्याला आकृती नीट समजली आहे तोच ती शब्दांत सांगू शकतो, त्यामुळे त्यांचाही अभ्यास होतो, आणि एआयच्या खर्ड्याशी ताडून पाहायला तुमच्याकडे दुसरा मजकूर तयार असतो.

आणि वर्णन तयार झाल्यावर दोन चाचण्या घ्या. पहिली स्टाफरूममध्ये: विज्ञान न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला वर्णन वाचून दाखवा, आकृती दाखवू नका, आणि कागदावर काढायला सांगा. जिथे त्यांचा हात थांबेल किंवा चुकेल ते वाक्य बदला. दुसरी मुलासोबत. त्याला "कळलं का?" असं विचारू नका, त्याला मुलं 'हो' म्हणतात. विचारा, "फुप्फुसांकडून येणारं रक्त आधी कोणत्या कप्प्यात जातं?" उत्तर चुकलं तर त्याच्याकडून वर्णन पुन्हा ऐकवून घ्या आणि कोणत्या वाक्यावर त्याची वाट बदलली ते शोधा. मग ते वाक्य त्याच्यासमोरच, त्याच्याच शब्दांत पुन्हा लिहा.